नेमगिरीची मेढशिंगी

परभणीहून जिंतूरकडे निघाले की चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरांचा रस्ता बहुतांशी काळ्या रानातून जातो. कापूस, तूर, सोयाबीन, ज्वारी अशी पिके ऋतूप्रमाणे बदलत जातात. जमीन मात्र तीच. पावसात पायाला चिकटणारी आणि उन्हाळ्यात भेगाळून जाणारी. जिंतूर जवळ आले की ही काळी सपाटी उंचसखल होऊ लागते, मुरमाड टेकड्या दिसू लागतात आणि गावापासून सुमारे तीन किलोमीटरांवर नेमगिरी आणि चंद्रगिरी या जोडटेकड्यांचे दर्शन घडते. पूर्वीच्या जैनपूरचे आजचे जिंतूर झाले, असे आपली परंपरा सांगते. गावाचे नाव बदलले, राजवटी बदलल्या. टेकडीच्या पोटातील गुंफा आणि त्यांतील जिनबिंबे मात्र तेथेच राहिली.

नेमगिरीच्या गुंफांची दारे ठेंगणी आहेत. कितीही मोठा माणूस असो, येथे वाकूनच आत जावे लागते. आतल्या मंद उजेडात डोळे स्थिरावले की भगवान नेमिनाथांची भव्य मूर्ती समोर येते आणि बोलता बोलता माणूस गप्प होतो. शेजारच्या गुंफेत अंतरिक्ष पार्श्वनाथ आहेत. एवढा प्रचंड पाषाण, आणि खाली एका लहानशा दगडाचा आधार. 'अंतरिक्ष' हे नाव का पडले, हे तेथे लहान मुलालाही समजावून सांगावे लागत नाही.

लग्न होऊन परभणीत आले तेव्हापासून, म्हणजे गेली तीसहून अधिक वर्षे, मी या क्षेत्रावर येत आहे. परंतु दोन वर्षांपूर्वीच्या फाल्गुनापर्यंत गुंफांच्या बाहेर काय आहे, याकडे माझे कधी लक्ष गेले नव्हते. त्या दिवशी दर्शन आटोपून टेकडी उतरताना ऊन फार झाले म्हणून वाटेच्या कडेला एका मध्यम उंचीच्या, निम्म्या पानझडीच्या झाडाखाली उभी राहिले. फांद्यांवर लांब, चपट्या, वाकड्या शेंगा लोंबत होत्या. जवळच शेळ्या राखणारी एक वृद्ध बाई बसली होती. तिला झाडाचे नाव विचारले.

"मेढशिंगी हाय माय ती," ती म्हणाली. "शेंगा बघा की, मेंढ्याच्या शिंगावानी."

ते नाव ऐकून मी जागच्या जागी थबकले. का, ते सांगण्यापूर्वी माझ्या हातून घडलेल्या एका चुकीबद्दल सांगितले पाहिजे.

हिमालयातून आणलेले रोप

त्याआधी काही वर्षांपूर्वी आम्ही अष्टापदाचे स्मरण करीत बद्रीनाथची यात्रा केली. वैशाखाचा आरंभ होता. जोशीमठाच्या आसपास वरच्या उतारांवर झाडेच्या झाडे तांबड्या फुलांनी भरलेली होती. मूठभर आकाराचा एकेक गुच्छ, त्यात घंटेसारखी फुले आणि त्याखाली गर्द हिरव्या, जाड पानांची चवड. तिकडे त्याला बुरांश म्हणतात. फुलांचे सरबत करतात, आणि उत्तराखंडाने त्याला आपला राज्यवृक्ष मानले आहे. वनस्पतिशास्त्रात हा ऱ्होडोडेंड्रॉन. ग्रीक भाषेतील या शब्दाचा अर्थ गुलाबाचे झाड.

या एका कुळाच्या जगभर हजाराच्या आसपास मूळ जाती आहेत आणि त्यांतील कित्येक हिमालयात आहेत. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर १८४८ ते १८५० या काळात सिक्कीमच्या डोंगरांत हिंडला, तेथून त्याने अनेक जातींचे नमुने व बी इंग्लंडला पाठविले आणि १८४९ पासून त्यांवर चित्रांसह ग्रंथ प्रसिद्ध होऊ लागला. तेव्हापासून तिकडच्या बागांत या झाडांचे वेड शिरले. संकरित रोपांपेक्षा रानातील मूळ जाती गोळा करणे, प्रत्येकीची नोंद ठेवणे, बियांपासून त्या वाढविणे, यात आजही माणसे आयुष्ये घालवितात.

मला हे सारे पुढे वाचून कळले. त्या क्षणी मला एवढेच वाटले की, हे झाड आपल्या अंगणात हवे. वाटेच्या कडेला वितभर उंचीची रोपे होती. त्यांतील एक मी मुळासकट उपटले, ओल्या फडक्यात गुंडाळले आणि घरी आणले. जंगलातील रोप असे काढून आणणे कायद्यानेही वर्ज्य आहे. पण तेव्हा मनाला तेही शिवले नाही. यात्रेची आठवण म्हणून आणत आहे, एवढी सबब पुरेशी वाटली.

परभणीत त्या रोपाचे काय झाले असेल, हे शेतकरी वाचकांनी ओळखलेच असेल. बुरांशला आंबट धर्माची, पालापाचोळ्याने भुसभुशीत झालेली, सतत ओलसर पण पाणी न साचणारी माती लागते. त्याची मुळे केसासारखी बारीक असतात आणि वरच्या थरातच पसरतात. एका सूक्ष्म बुरशीच्या सोबतीने ती अन्न घेतात. डोंगरावरची थंडी तर हवीच. आमची माती याच्या नेमकी उलट. काळ्या पाषाणाची झीज होऊन बनलेली, चिकण, अल्कधर्मी आणि चुनखडीचे खडे बाळगणारी. विहिरीचे पाणीही जड. अशा जमिनीत लोह असून नसल्यासारखे होते. मुळांना ते उचलता येत नाही. मोसंबीच्या बागेत कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, ते दृश्य मराठवाड्यात कोणाला ठाऊक नाही? माझ्या बुरांशची पाने महिन्याभरात तशीच झाली.

मी हार मानली नाही. कुंडीतील माती बदलली, कुजलेला पाला घातला, पावसाचे पाणी साठवून तेच दिले, कुंडी माजघराच्या दाराशी सावलीत ठेवली. हिवाळ्यात त्याने दोन नवी पाने काढली तेव्हा आनंद झाला. पुढे चैत्र आला. पारा चाळिशीच्या पुढे गेला, आणि एका सकाळी पाहिले तर शेंडा काळा पडून मान टाकलेला. आठ दिवसांत रोप वाळले.

सासूबाई तेव्हा हयात होत्या. त्या रागावल्या नाहीत. वाळलेली काडी हातात घेऊन त्यांनी एवढेच विचारले, "तिकडे होतं तेव्हा याला काय कमी होतं?"

आपल्या घरांत षट्लेश्यांचे चित्र लहानपणापासून पाहिलेले असते. सहा माणसे, फळांनी लदलेला एक जांभूळवृक्ष. एक मुळापासून तोडू पाहतो, दुसरा बुंध्यापासून, तिसरा फांदी, चौथा घोस, पाचवा पिकलेली फळे तेवढी; आणि सहावा खाली पडलेली वेचून घेतो. फळाची इच्छा सहाही जणांना आहे. फरक हात कोठे पडतो याचा आहे. मी पाठशाळेत मुलांना हे चित्र कितीदा समजावून सांगितले होते! आणि स्वतः काय केले, तर पहिल्या माणसाचे काम. तेही भुकेसाठी नव्हे, अंगणाच्या शोभेसाठी. समंतभद्राचार्यांनी रत्नकरंडक श्रावकाचारात निष्प्रयोजन भूमी खणणे, वनस्पती तोडणे यांना अनर्थदंडात गणले आहे. त्या शब्दाचा अर्थ मला त्या वाळक्या काडीने शिकविला.

भगवान नेमिनाथांचा रथ लग्नमंडपाकडे जात असता कोंडलेल्या पशूंचा आक्रोश कानी पडला आणि रथ मागे फिरला, हे आपण सारे जाणतो. पशूंना कंठ होता. उपटलेल्या रोपाला तो नाही, म्हणून माझा रथ परभणीपर्यंत येऊन पोहोचला.

चोवीस वृक्षांची यादी

झाडे लावण्याची आवड मात्र गेली नाही. ती कोणत्या वाटेने न्यावी, हे शोधताना यतिवृषभाचार्यांच्या तिलोयपण्णत्तीतील चोवीस वृक्षांकडे लक्ष गेले. ज्या वृक्षाखाली ज्या तीर्थंकरांना केवलज्ञान झाले, तो त्यांचा अशोकवृक्ष. ही नावे आपण पूजा-विधानांत ऐकतो. पण झाडे म्हणून त्यांकडे पाहत नाही. मी एका वहीत चोवीस ओळी आखल्या आणि प्रत्येक नावापुढे मराठी नाव लिहीत गेले.

चौदा नावांशी अडखळावे लागले नाही. आदिनाथांचा न्यग्रोध म्हणजे वड. अजितनाथांचा सप्तपर्ण, आपली सातवीण. सुपार्श्वनाथांचा शिरीष. पुष्पदंतांचा अक्ष म्हणजे बेहडा. श्रेयांसनाथांचा तेंदू, आपली टेंभुर्णी. वासुपूज्यांची पाडळ, विमलनाथांचे जांभूळ, अनंतनाथांचा पिंपळ, अरनाथांचा आंबा, मल्लिनाथांचा कंकेली म्हणजे अशोक, मुनिसुव्रतांचा चाफा, नमिनाथांची बकुळ. पार्श्वनाथांचा धव म्हणजे धावडा. आणि नेमिनाथांचा मेषशृंग. आम्नायभेदाने यात फरक पडतो. श्वेतांबर परंपरेत नेमिनाथांचा वेतस आणि पार्श्वनाथांची धातकी, म्हणजे आपली धायटी, सांगितली आहे.

सहा नावांपाशी लेखणी थांबली. सुमतिनाथ आणि पद्मप्रभ या दोघांचाही प्रियंगू, शीतलनाथांचा धूलिपलाश, धर्मनाथांचा दधिपर्ण, शांतिनाथांचा नंदी, कुंथुनाथांचा तिलक. या नावांची झाडे कोणती, याविषयी जाणकारांत एकमत नाही. एकाच नावाखाली वैद्य एक झाड दाखवितात, पंडित दुसरे.

उरलेली चार नावे स्पष्ट आहेत, पण ती झाडे आमच्या जमिनीची नाहीत. संभवनाथ आणि महावीर या दोघांचा शाल. अभिनंदननाथांचा सरल, म्हणजे हिमालयातील चीड. चंद्रप्रभांचा नाग, म्हणजे नागकेशर. नागकेशराला दमट सदाहरित वनाची हवा लागते. शालाच्या बीला झाडावरून पडल्यावर आठवडाभरातच रुजावे लागते, नाहीतर त्याचा जीव जातो. सम्मेदशिखरजीच्या वंदनेला जाणाऱ्यांनी पायथ्याची सालवने पाहिली असतील. ती तेथेच शोभतात.

यादी झाली की माणूस रोपवाटिकेत जातो. मीही गेले आणि पहिल्याच खेपेला फसले. अशोक म्हणून जे रोप मिळाले, ते मोठे झाल्यावर सरळसोट, शंकूसारखे वाढू लागले. रस्त्यांच्या कडेला दिसणारा तो खोटा अशोक होता. खरा अशोक, ज्याला आपण सीताअशोक म्हणतो, तो पसरट असतो आणि त्याला वसंतात नारिंगी-तांबड्या फुलांचे गुच्छ येतात. दोष एकट्या विकणाऱ्याचा नव्हता. मीही पान न पाहता नावावर विसंबले होते. तेव्हापासून नियम केला की, झाड स्वतः पाहिल्याशिवाय, त्याचे पान, फूल, फळ ओळखल्याशिवाय वहीत खूण करायची नाही.

मूळ जातीला एवढे महत्त्व कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर परभणीतच आहे. येथील कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झाले. तेथे विकसित झालेली 'परभणी क्रांती' ही भेंडी देशभर पेरली गेली. पानांच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या रोगाला ती तोंड देऊ शके. ही शक्ती तिला भेंडीच्या एका रानटी नातलगाशी झालेल्या संकरातून मिळाली होती. जे झाड रानात कोणाच्या खिजगणतीत नसते, त्याच्या पोटी अशा शक्ती साठलेल्या असतात. रानातून ते नाहीसे झाले की त्या परत आणता येत नाहीत.

शेंग आणि डिंक

त्या फाल्गुनात नेमगिरीच्या उतारावर 'मेढशिंगी' हा शब्द कानी पडला, तेव्हा माझ्या वहीत मेषशृंगापुढची जागा रिकामी होती. आयुर्वेदात मेषशृंगी म्हणून एक वेल सांगितलेली आहे. वृक्ष कोणता, हे मला उमगत नव्हते. आणि ती वृद्धा सांगत होती, मेंढ्याच्या शिंगासारखी शेंग. मेष म्हणजे मेंढा, शृंग म्हणजे शिंग. संस्कृतातील नाव तिच्या तोंडी मराठीत जसेच्या तसे राहिले होते. घरी येऊन पुस्तकांत पाहिले. डोलिकँड्रोन फाल्काटा, पानझडीच्या कोरड्या रानांतील झाड, मराठवाड्याच्या डोंगरउतारांना परके नसलेले. उन्हाळ्यात त्याला पांढरी, लांब नळीची, सुवासिक फुले येतात आणि ती रात्री उमलतात. ग्रंथातील मेषशृंग तो हाच, असे ठासून सांगण्याचा माझा अधिकार नाही. परंतु नेमिनाथांच्या टेकडीवर त्या नावाचे झाड उभे असावे आणि मी तीस वर्षे त्याच्या सावलीतून न पाहता जावे, हे मनाला लागले.

पार्श्वनाथांचा धव तर त्याहून ओळखीचा निघाला. धावड्याचा डिंक! दर हिवाळ्यात सासूबाई ज्याचे लाडू वळीत, बाळंतिणीला ज्याची वाटी चुकत नसे, तो डिंक ज्या झाडाचा, ते झाड मी पाहिलेलेच नव्हते. धावड्याची साल गुळगुळीत, पांढुरकी असते. हिवाळा सरताना त्याची पाने तांबूस होतात आणि मग गळतात. बैलगाडीच्या आसाला त्याचे चिवट लाकूड वापरीत. नेमिनाथ आणि अंतरिक्ष पार्श्वनाथ, नेमगिरीच्या या दोन्ही स्वामींचे वृक्ष या कोरड्या मुलखातलेच निघाले, आणि मी अंगणाची शोभा जोशीमठात शोधीत होते.

आता रोपे कशी केली ते सांगते; कोणाला करावयाची असल्यास उपयोग होईल. मेढशिंगीच्या शेंगा झाडावरून तोडल्या नाहीत. वाळून खाली पडलेल्या पाच-सहा वेचल्या. आत कागदासारख्या पातळ, पंखांच्या चपट्या बिया असतात. त्या वाऱ्याने उडतात, म्हणून शेंग कापडावर उकलावी. मृगाचा पाऊस पडला की मुरूम, वाळू आणि थोडे शेणखत यांच्या मिश्रणात वरच्यावर पेरावे, खोल दडपू नये. माझी रोपे त्याच पावसाळ्यात बोटभर झाली.

धावड्याने मात्र परीक्षा पाहिली. त्याची फळे बारीक गोल बोंडांत येतात, बिया पुष्कळ असतात, पण बहुतेक पोकळ. पहिल्या वर्षी मूठभर बी पेरले, काहीच उगवले नाही. दुसऱ्या वर्षी पुन्हा मूठभर पेरले, तेव्हा चार रोपे आली आणि त्यांतील दोन जगली. रानात धावडा मुळांपासून व बुंध्यापासून पुन्हा फुटतो, म्हणून तो टिकून आहे. बियांवर त्याचा भरवसा थोडा. एखाद्या टेकडीवरचा धावडा समूळ गेला तर तो सहज परत येणार नाही, हे त्या दोन रोपांनी मला सांगितले.

आणखी एक गोष्ट शिकले. नेमगिरी आमच्या घरापासून पन्नास किलोमीटरांच्या आत, तरीही तिची माती निराळी. डोंगराच्या झाडाला पाण्याचा निचरा लागतो. परभणीच्या काळ्या जमिनीत खड्डा करून तसेच लावले तर श्रावणात पाणी साचून मूळ कुजते. म्हणून मुरूम मिसळून हातभर उंच वरंबे केले आणि त्यांवर रोपे लावली. खड्डे पावसापूर्वी, माती कोरडी असताना, हळूहळू आणि पाहून खणले. गृहस्थाला आरंभी हिंसा पूर्ण टाळता येत नाही. पण सावधपणा तरी ठेवता येतो.

रिकाम्या जागा

आज आमच्या लहानशा परसात चौदांपैकी नऊ झाडे आहेत. वड, पिंपळ यांना घराजवळ जागा नव्हती, ते गावाबाहेर नातलगांच्या शेताच्या बांधावर लावले. मेढशिंगी खांद्याएवढी झाली आहे, धावडा अजून गुडघ्याएवढा आहे. त्यांना फुले-फळे येतील तेव्हा मी असेन वा नसेन. बहुतेक नसेनच, आणि त्याचे दुःख वाटत नाही.

शाल, सरल, नाग यांच्या जागा मी आखल्या आहेत, पण त्या रिकाम्या ठेवल्या आहेत. तेथे केवळ वाफे आहेत, दगडांच्या कडा लावलेले. पहिल्यांदा पाहणारे विचारतात, येथे काय लावणार? नातवाने विचारले तेव्हा मी म्हणाले, "काही नाही. ही झाडे शिखरजीच्या आणि हिमालयाच्या रानात आहेत. आपण जाऊ तेव्हा तेथेच पाहू." तो थोडा वेळ विचार करून म्हणाला, "मग ती आपलीच ना, आजी?" मी हो म्हणाले.

त्या वाफ्यांतील एकाच्या कडेला बुरांशची कुंडी पालथी घालून ठेवली आहे. ती फेकून द्यावीशी वाटली नाही.

वाचकांना एक विनंती. यंदा नेमगिरीला जाल तेव्हा दर्शनानंतर लगेच गाडीत बसू नका. उतारावर थोडे थांबा, तेथील राखणदारांना, गुराख्यांना झाडांची नावे विचारा. फाल्गुनात गेलात तर वाळलेल्या शेंगा खाली पडलेल्या मिळतील. दोनच वेचा, बाकीच्या टेकडीसाठी राहू द्या. पाठशाळेतील मुले बरोबर असतील तर त्यांना षट्लेश्यांची गोष्ट तेथेच, झाडाखाली सांगा. घरच्या भिंतीवरील चित्रापेक्षा ती तेथे लवकर समजते.

जय जिनेंद्र.